पोर्चमधला लाल डाग

आमच्याकडे सकाळ होते ती खराट्याच्या आवाजाने. कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरायच्या आत पोर्च धुऊन झालाच पाहिजे, असा आईचा दंडक. इंदूरला सगळेच आता सफाईचे भक्त, पण आई त्यांच्यातही सोवळ्यातली. गाडीवरच्या बाईंनी एकदा आमच्या फाटकाशी थांबून पोर्चचं कौतुक केलं, तेव्हापासून तर विचारूच नका.

त्या उन्हाळ्यात पोर्च घासता घासता ती रोज कुणाच्या तरी नावाने बोटं मोडत असायची. मी वरच्या मजल्यावर राहते. मला आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत, आणि खाली जाऊन विचारायची मला हौसही नव्हती. माझ्या डोक्यात दुसरंच काही होतं. बाबांनी गाडी विकायचं ठरवलं होतं.

गाडी जुनी आहे, तिचा रंग कोणता होता यावरही घरात आता दोन मतं आहेत. पण दर रविवारी बाबा ती काढत आणि बडा गणपतीजवळच्या आमच्या घरून अन्नपूर्णा भागात माझ्या आत्याकडे जात. आत्या बाबांची थोरली बहीण. तिला रिक्षात चढता येत नाही. बाबा तिला पुढच्या सीटवर बसवून तासभर हिंडवून आणायचे. बाजारात कुठलं दुकान बंद पडलं, कुठलं नवं उघडलं, हे दोघं भावंडं असं बघत जातात की जणू सगळं त्यांच्याच मालकीचं आहे.

आदल्या वर्षी बाबांचा खांदा धरला होता. व्यायामाने सुटला, पण त्यानंतर स्टीअरिंग जड लागायला लागलं. आत्याच्या गल्लीत वळताना एका रविवारी त्यांचे हात मध्येच थांबले, मागे हॉर्न वाजायला लागले, आणि तिच्या शेजाऱ्याने येऊन गाडी आत घालून दिली. बाबा घरी आले, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाले, "हात गेले." तक्रार नव्हती त्यात. रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते ते. कुठला सिग्नल बंद पडला हे ज्या सुरात कळवत असतील, त्याच सुरात त्यांनी हे आम्हाला कळवलं. मला फार वाईट वाटलं. आत्याला मी नेईन, असं म्हटलं, तर म्हणाले की तू नेशीलच, प्रश्न तो नाही.

मला मात्र राहवेना. हात गेले असतील, पण तपासलं कुणी? मी किल्ली घेतली आणि पोर्चमध्येच गाडी सुरू करून स्टीअरिंग फिरवून पाहिलं. मलाही जड गेलं. बाबांनी ते उडवून लावलं. तुला तुझ्या त्या खेळण्यासारख्या गाडीची सवय, म्हणाले, ही तुला जडच लागणार. मग मी स्टीअरिंग पार शेवटपर्यंत वळवलं, तर पुढून एक बारीक, रडका आवाज आला. मी विचारलं, हा आवाज कसला? बाबा म्हणाले, कुठला आवाज? बारीक आवाज त्यांना हल्ली ऐकूच येत नाहीत, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं.

बॉनेट उघडलं. इंजिनचं ऑइल, रेडिएटरचं पाणी, ब्रेकचं तेल, सगळं जागच्या जागी. बाबा दर रविवारी बघत असत. पण एका कोपऱ्यात आणखी एक छोटी बाटली होती, झाकणावर स्टीअरिंगचं चित्र. झाकण काढलं तर तळाशी थोडा लाल ओलावा, बाकी कोरडी ठणठणीत. बाबांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. त्यांच्या आधीच्या सगळ्या गाड्यांत स्टीअरिंग म्हणजे दांडा आणि दाते, त्यात भरायचं काही नसायचं. हिच्यात तेलाच्या दाबाने चाकं वळतात हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याची बाटली असते आणि ती रिकामी होते, हे कधी मनातच आलं नव्हतं.

आता त्यांच्यातला सिग्नलवाला जागा झाला. "आधी फॉल्ट अलग करायचा," ते म्हणाले. "तेल गेलं म्हणजे गळलं. गळलं तर खाली दिसायला पाहिजे ना." आम्ही दोघं वाकलो. खाली फरशी लखलखत होती. त्यावर जेवायला वाढलं असतं तरी चाललं असतं. बाटलीभर तेल गेलं कुठे? बाबांनी पुन्हा हात झटकले आणि म्हणाले, बाटली कदाचित पहिल्यापासूनच अशी असेल. मला मात्र रात्रभर तेच.

सकाळी खराट्याचा आवाज आला तशी मी खाली गेले. आई गाडीच्या पुढच्या चाकाशी बसून काथ्याने फरशी घासत होती. रोज कुणाला बोलतेस, असं मी विचारलं. तिने शेजारच्या घराकडे हनुवटी केली. तिथले काका संध्याकाळी आमच्या फाटकाला रेलून गप्पा मारतात आणि त्यांच्या तोंडात कायम पान.

"रोज आत थूकून जातात बघ," आई म्हणाली. "लाल लाल. आणि साबणाने पण जात नाही, इतकं चिकट. मतलब, आजकल पानात काय टाकतात कोण जाणे. मी तर बोलणंच बंद केलं त्यांच्याशी."

मी फरशीला बोट लावलं आणि वास घेतला. पानाचा वास नव्हता. मला हसू यायला लागलं, आणि मग आईचा चेहरा पाहून ते आवरलं. हिने इमानेइतबारे रोज सकाळी पुरावा धुऊन टाकला होता आणि बाबांनी तेवढ्याच इमानदारीने आपल्या हातांना दोष दिला होता.

उद्या पोर्च धुऊ नकोस, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्यायला मला दिवस गेला. कचरागाडीतल्या बाई काय म्हणतील? शेवटी तडजोड झाली. शेवेच्या पाकिटांचा एक खोका फाडून मी गाडीखाली पसरला, आणि आईने त्याच्या चारी बाजूंनी फरशी धुतली. बाटलीत तेल भरून आम्ही गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पुठ्ठ्यावर डाव्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग होता. गाडीखाली वाकून कोण थुंकणार? दुपारी आईने शेजारच्या काकांकडे वाटीभर श्रीखंड पाठवलं. का, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने आधी मोठं काम सांगितलं, स्टीअरिंगचा खालचा अख्खा भाग बदलावा लागेल म्हणाला. बाबांनी ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाले, "भिया, पहले पोंछ के देखते हैं." मग सगळे पाइप कापडाने कोरडे केले. मी आत बसून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले, आणि ते दोघं टॉर्च घेऊन वाकले. बाटलीकडे तेल परत आणणारा एक रबरी पाइप होता. तो क्लिपपाशी कडक होऊन तडकला होता. एरवी त्या तड्यातून तेल नुसतं पाझरायचं, स्टीअरिंग वळलं की थेंब फुटायचा. बाबांनी मला बाहेर बोलावून तो थेंब दाखवला. इतका आनंद त्यांना माझ्या निकालाच्या दिवशीही झाला नसावा.

पाइप आणि क्लिप बदलली. पुढची चाकं उचलून, स्टीअरिंग हळूहळू दोन्हीकडे फिरवून आतली हवा काढली. मग बाबा बसले आणि एका हाताने गाडी फाटकाबाहेर वळवली. रविवारी आत्याला घेऊन ते नेहमीपेक्षा लांब गेले.

पुठ्ठा मात्र कायमचा राहिला. आई रोज सकाळी तो उचलून बघायची, स्वयंपाकघरात येऊन बाबांना "कोरडा" असं सांगायची आणि मगच चहा ठेवायची.

हिवाळा सरता सरता एका रविवारी बाबा नाश्त्याला म्हणाले की स्टीअरिंग परत जड लागतंय. आम्ही पोर्चमध्ये गेलो. पुठ्ठा कोरडा. बाटली रेषेपर्यंत भरलेली. मी गाडी सुरू केली, आवाज नव्हता.

"तू फिरवून बघ," बाबा म्हणाले आणि खिडकीशी उभे राहिले.

स्टीअरिंग लोण्यासारखं वळलं. क्षणभर वाटलं, जोर लावल्याचं सोंग करावं. पण ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, तो थेंब बघितला होता तसेच.

"हलकं आहे, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मग फॉल्ट सापडला," ते म्हणाले.

त्यांनी बॉनेट बंद केलं, पुढून वळसा घालून आले आणि डाव्या सीटवर बसले. आत्या तयार होऊन बसली असणार, उशीर नको, म्हणाले. मग सवयीने त्यांचा हात उजव्या खांद्यावर गेला आणि तिथे नसलेला सीटबेल्ट शोधत राहिला.