एकाच मापाचा हार

वडशात फुलं विकणाऱ्या त्या बाई दातात दोरा धरूनच बोलायच्या. हार त्यांच्या हाताच्या मापाचा; नवरदेवाला तेवढाच, मढ्याला तेवढाच, पुढाऱ्यालाही तेवढाच.

शाळा अर्धवट सोडून कोकणातून आलेला मी राईस मिलवर कामाला होतो. त्या रात्री गावात नाटक होतं, आणि त्याआधी स्टेजवर गावातल्या दोन्ही मिलमालकांचा सत्कार होता. आमचे मालक म्हणाले, "त्याच्यापेक्षा मोठा हार आणजो, नाईतर उद्या येऊ नोको."

मी बाईंकडे मोठा हार मागितला, तर त्यांनी नेहमीच्याच मापाचा पुढे केला. "बाई, माझी नोकरी जाईल."

"काऊन घाबरतं? दुसऱ्या मालकाचा माणूसबी हेच रडून गेला. मालकाले सांगजो, त्याचा हार तुमच्यापेक्षा बोटभरबी मोठा नाई."

मी तसंच सांगितलं. स्टेजवर दोन्ही मालक एकमेकांचे हार निरखून समाधानाने बसले. माझी नोकरी वाचली.

पहिल्या रांगेत बाईंच्या दातात आज दोऱ्याऐवजी पदर होता, हसू दाबायला.