भिंतीकडे तोंड करून

"टाका तुमी. मी बघत न्हाई." असं म्हणून ताई खुर्चीतून उठायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक पासवर्ड टाकून "झालं" म्हणेपर्यंत वळायच्या नाहीत. भिंतीवर बघण्यासारखं एक जुनाट कॅलेंडर तेवढं होतं.

कवठे महांकाळच्या बाजारात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि शेजारी माझा फोटो स्टुडिओ. दुरुस्तीवाले तुम्हीही पाहिले असतील. ते बेधडक पासवर्ड विचारतात आणि आपण मुकाट सांगतो. ताईंना कुणी आपणहून सांगू लागलं, तरी त्या कानांवर हात ठेवायच्या.

कॉम्प्युटर सुरू होतानाच जो पासवर्ड मागतो, तो लोक मोठ्या हौसेनं ठेवतात आणि विसरतात. ताई कॉम्प्युटरचा डबा उघडून आतला नाण्याएवढा सेल काढायच्या, जरा वेळानं परत बसवायच्या. पासवर्ड जायचा, पण आतलं घड्याळही मागं पडायचं. मग मनगटावर बघून त्या तारीख-वेळ लावून द्यायच्या. एक रिटायर्ड सुभेदार तर यासाठी वरचेवर यायचे.

"ताई, एकदम कडक पासवर्ड ठेवला होता."

"व्हय, तुमालाबी दाद देत न्हाई एवढा कडक."

पण ज्याचा पासवर्ड, तो समोर असेल तरच त्या डब्याला हात लावायच्या.

एकदा आमच्या दोघांच्या गाळ्यांचे मालक सुनेचा कॉम्प्युटर घेऊन आले. ती घरचं आवरून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. तिनं पासवर्ड ठेवला, हे त्यांना खुपत होतं.

"काढून टाक बाई. काय करती त्यात, बघू दे."

"तिला घिऊन या, आण्णा."

"बिल माझ्या नावाचं हाय. अन् ह्यो गाळाबी माझाच हाय, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की. पर पासवर्ड तिनं ठिवलाय. ती म्हणली तर काढती."

मी दारात उभा राहून हे ऐकत होतो. ताईंचं घर त्या गाळ्यावर चालायचं.

दुसऱ्या दिवशी मालक सुनेला घेऊन आले. आपल्यासमोर ती नाही म्हणणार नाही, ही त्यांची खात्री. ताईंनी की-बोर्ड तिच्यापुढं सरकवला.

"काढायचा का ठिवायचा?"

पोरीनं सासऱ्यांकडं पाहिलं, मग ताईंकडं.

"ठेवायचा."

"मग टाक, चालू हुतंय का बघू. आण्णा, वळा तिकडं. फोटोवाले, तुमीबी."

आणि काय सांगू, मालक चक्क वळले! आम्ही तिघं कॅलेंडर बघत उभे आणि मागं कळांची टकटक. मला हसू आवरेना, आणि ताईंच्या शेजारी उभं राहताना ऊर असा भरून आला की विचारू नका.

महिन्याभरात ताईंना गाळा सोडावा लागला. टेम्पोत सामान भरून त्या साताऱ्याला भावाकडे गेल्या. "गाळं लय मिळत्यात," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या गाळ्यात आता चपलांचं दुकान आहे. कॅलेंडर मात्र मी मागून घेतलं.

परवा ती सून परीक्षेचं हॉल तिकीट छापून घ्यायला माझ्याकडे आली. पासवर्ड टाकायची वेळ आली तसा मी उठलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

टकटक थांबली.

"झालं, काका," ती म्हणाली. मग हळूच, "ताई अशाच उभ्या राहायच्या न्हाई?"

मी "व्हय" म्हणालो, पण लगेच वळलो नाही.