दारं घेऊन निघालेलं गाव

कॅमेरा चालू होता आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन माणसं माझं दार चौकटीतून उचलून बैलगाडीत ठेवत होती.

मी आर्ट डायरेक्टर. म्हणजे सिनेमात जे घर, जो पार, जे देऊळ दिसतं ते उभं करणारा. नटांना लोक ओळखतात, आम्हाला सुतार ओळखतात. कर्जतजवळ नदीकाठी मी नऊ घरांचं गाव उभारलं होतं. कुडाच्या भिंती, वर पेंढा, आणि दारं-चौकटी मात्र खऱ्या जुन्या सागवानाच्या, भाड्यानं आणलेल्या. सिनेमा एका कादंबरीवरचा. काही शतकांपूर्वी राजवट बदलली, देवळं पाडायचा हुकूम निघाला, तेव्हा देव गाडीत घालून, नदी ओलांडून कायमचं परमुलखात गेलेल्या गावाची गोष्ट.

कादंबरीत आधी लग्न आहे, मग गाव उठतं. शूटिंगला असा क्रम नसतो. ज्या दिवशी जो नट मोकळा, त्या दिवशी त्याचा सीन. आमच्या नायिकेची एकच तारीख उरली होती, उद्याची. म्हणून गाव आज उठणार होतं आणि त्याच गावात उद्या लग्न लागणार होतं. युनिटमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. क्राउडला, म्हणजे गर्दीत दिसणाऱ्या माणसांना, कुणी सांगितलं नव्हतं. ती लोधिवलीकडून दोन टेंपो भरून आली होती. शेतकरी घरांतली साठेक माणसं.

रिहर्सल वाईट झाली. लोक बोचकी घेऊन आठवडी बाजाराला निघाल्यासारखे चालले. दोन बायका हसल्यासुद्धा. निखिल, आमचा तरुण डायरेक्टर, वैतागला आणि थेट त्यांच्यात जाऊन उभा राहिला.

"ॲक्टिंग करू नका. खरंच कायमचं घर सोडायचं असतं तर जे केलं असतं, तेच करा."

पुढे बसलेल्या अनुसयाबाईंनी विचारलं, "अगदी तसंच करू?" साठीच्या बाई, आवाज खणखणीत.

"अगदी तसंच."

"येळ लागंल."

"लागू दे. कॅमेरा थांबणार नाही."

मला हे उत्तर फार आवडलं होतं. मी मानसुद्धा डोलावली.

ॲक्शन झालं. आम्हाला रडारड हवी होती. कुणीच रडलं नाही. अनुसयाबाईंनी पदर खोचला आणि दिराला हाक मारली, "बाळू, वरून धर रं, मी खालून रेटते." सेटवरच्या चौकटी पक्क्या नसतात, पाचरी मारून बसवलेल्या असतात. त्यांनी हात लावताच ते ओळखलं. चौकट निघाली, मग उंबरा निघाला. ते बघून शेजारची घरंही कामाला लागली. पेंढा उतरला, वासे खाली आले. एक बाई कोळशानं प्रत्येक लाकडावर रेघा ओढत होती. सगळं मुकाट आणि सराईतपणे चाललं होतं.

मला ओरडायचं होतं. पण 'कट' फक्त डायरेक्टरनं म्हणायचं असतं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याला पुन्हा कामाला बोलावत नाहीत. मी निखिलजवळ जाऊन कुजबुजलो, "अरे, उद्या लग्न आहे!"

"शू," तो म्हणाला. त्याचं नाक मॉनिटरला चिकटायचं बाकी होतं.

वीस-बावीस मिनिटांनी त्यानं कट म्हटलं. तोवर नऊपैकी सहा घरांचे नुसते कूड उरले होते. नायिका उद्या ज्या उंबऱ्यावरचं माप ओलांडणार होती, तो उंबरा तिसऱ्या गाडीत होता. प्रोड्यूसर सेटवरच होते. ते शांतपणे म्हणाले, "सकाळी सातला गाव उभं नसेल, तर या पिक्चरमध्ये तू नाहीस." मी गाड्यांकडे पळत सुटलो.

"अनुसयाबाई, दारं कशाला काढली?"

"मंग? लाकूड टाकून कोन जातं?"

"अहो, देव घेऊन जायचा होता!"

"देव पयल्या गाडीत हाय. पन नव्या जागी त्याला ठेवायचा कुठं? तिथं दार नको?"

त्यांनी पुढे सांगितलं, "आमचं गाव धरनात गेलं तवा असंच केलं आमी. दोन दिवस दिलेले. रडायला येळ कुनाला होता?"

मला लाज वाटली. तीन महिने मी जुनी चित्रं आणि पुस्तकं चाळत बसलो होतो. गाव सोडताना माणसं काय करतात हे ठाऊक असलेले साठ जण सकाळपासून समोर बसले होते, आणि मी त्यांना फक्त चहा झाला का, एवढंच विचारलं होतं.

मी उद्याच्या लग्नाचं सांगितलं. अनुसयाबाई बघतच राहिल्या. "आज गाव उठलं आनि उद्या लगीन? उलटंच हाय तुमचं." मग मागे वळून म्हणाल्या, "बाळू, उतरव रं सगळं."

कोळशाच्या रेघा म्हणजे घरांचे नंबर होते. एक रेघ पहिलं घर, दोन रेघा दुसरं. दिवस मावळायच्या आत सहाही घरं उभी राहिली. माझ्या सुतारांना त्याच कामाला आठ दिवस लागले होते. ते तेव्हापासून माझ्याशी जरा कमी बोलतात.

दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं. गाव सोडण्याचा तो शॉट सिनेमात आहे. कादंबरीत त्या जागी दीड पान रडणं आहे. लेखिकाबाईंनी शॉट पाहिला आणि म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीत बदलते."

टेंपो सुटण्याआधी मी अनुसयाबाईंना विचारलं, "तुमच्या जुन्या घराचं दार आहे अजून?"

"हाय ना. नव्या घराला लावलंय."

"बरोबर बसलं?"

"कुठलं! सरकारी घर बुटकं निघालं."

"मग दार कापलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आर्ट डायरेक्टर आहे हे कुणाला सांगू नये असं वाटलं.

"भिंत फोडली," त्या म्हणाल्या.

आता क्राउड आला की मी आधी विचारतो, खरं गाव सोडलेलं कुणी आहे का? असेल, तर त्यांना पुढची खुर्ची देतो, सीन त्यांना विचारून लावतो, आणि दारांना चार खिळे जास्त मारतो.