न्वे यिनचा वर्ख

"गुडघ्याला लावा म्हटलं होतं ना मी? कानाला कशाला लावलात?"

"गर्दी होती. हात पोचला तिथं लावला."

"अहो, पण माझा कान कधी दुखला?"

"तुझा नाही, माझा दुखतो. तुझं ऐकून ऐकून!"

देवळाच्या अंगणातलं हे भांडण मी ऐकलं तेव्हा माझे दात शाबूत होते. न्वे यिन माझी शेजारीण, तुन ओ तिचा नवरा. आमच्या प्ये गावच्या जुन्या बुद्धमूर्तीपाशी, कठड्यापलीकडे, बाईमाणसानं जायचं नाही. सोन्याचा वर्ख बाईनं विकत घ्यायचा, लावायचा पुरुषानं. आपलं जे दुखतं, मूर्तीच्या त्याच जागी.

पुढं तुन ओ वारला. मुलगा झेया मलेशियात, फर्निचरच्या कारखान्यात. मग दर पौर्णिमेला न्वे यिन कठड्याशी उभी राहून परक्यांना विनवायची, "एवढा वर्ख लावता का हो?" लावायचे बिचारे. पण परक्याला गुडघा सांगता येतो. छातीत काय होतं, ते कसं सांगायचं?

मी म्हटलं, "माझ्या म्हाताऱ्याला घेऊन जा. घरी नुसता पान चघळत बसतो."

"नको गं बाई. सगळं पुण्य तुझ्याच घरी जाईल. झेया येऊ दे. त्याच्या हातून लावायचाय मला."

अशी वर्षं गेली. मग एकदा झेया दिव्यांच्या पौर्णिमेला येतो म्हणाला. तिनं चटया धुतल्या, माशांचं सांगून ठेवलं, शेजारपाजारी मिरवून झालं. आदल्या दिवशी फोन आला, मालक सुट्टी देत नाही. "बरं. वेळेवर जेवत जा," एवढंच बोलली. त्या दिवशी तिच्या घरातून भांड्याचा आवाज आला नाही.

सकाळी मात्र केसात फूल माळून दारात उभी. "चल, ऊन चढेल."

ही तिची शेवटची फेरी, हे तेव्हा कुणाला ठाऊक? कठड्याशी आमच्या आळीच्या नाक्यावरचा टकला सायकलरिक्षावाला दिसला. तिनं वर्ख पुढं केला.

"द्या मावशी. मुलगा नाही आला वाटतं?"

"कामात आहे हो."

तो गर्दीत शिरला. पुरुषांच्या पाठींमुळे आम्हाला मूर्ती दिसेना. न्वे यिन टाचा उंचावून बघत राहिली. तो घाम पुसत बाहेर आला, "लावला, मावशी." कुठं, ते न विचारता तिनं हात जोडले, चपला शोधल्या, आणि मेणबत्तीवालीशी घासाघीस करायला निघाली.