झाडून ठेवलेली सावली

नागपुरातून निघतानाच तिन्ही मुक्काम ठरलेले होते: मोहर्ली, चामोर्शीच्या पुढचं एक गाव आणि आलापल्ली. तंबूची जागा निवडणं हे माझं खास काम. पश्चिमेला सावली हवी, पाणी चालत जाण्याइतकं जवळ आणि गाव हाकेच्या अंतरावर. एप्रिलमध्ये इकडे तंबू घेऊन फिरणं हा वेडेपणा आहे, मान्य. पण वेडेपणाही नीट आखून केला की निभावतो.

चिमूरला तर्री-पोहे खाऊन मोहर्ली गाठली. व्याघ्रप्रकल्पात कुठेही तंबू ठोकता येत नाही, तो विचारही करू नका. आम्ही सफारीची जिप्सी चालवणाऱ्या एकाच्या अंगणात उतरलो. जेवणासकट माणशी चारशे रुपये, वर वांग्याची झणझणीत भाजी. मुग्धानं, म्हणजे माझ्या बायकोनं, नाक पुसत ती दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. उन्हाळ्यात अकरा ते चार गाडी चालवायची नाही, हा आमचा नियम. डिझेल गडचिरोलीतच भरा, पुढे पंप विरळ होत जातात. चामोर्शीच्या बाजारातून काकड्या घेतल्या, दुपार मार्कंड्याला नदीकाठी काढली आणि पाचच्या सुमारास ठरलेल्या गावात पोचलो. रीतसर पोलीस पाटलांना भेटलो.

"शाळेच्या पटांगणात टाका तंबू," ते म्हणाले. "बोरिंग आहे, संडास आहे, काई तरास नाई."

पटांगण तव्यासारखं तापलेलं, सावलीचं नाव नाही. आणि गावाबाहेर दोन मिनिटांवर एक भलं मोठं मोहाचं झाड. खाली जमीन अंगणासारखी स्वच्छ, एक पान नाही. मला पाटलांपेक्षा जास्त कळतं असं मी ठरवून टाकलं.

"इतकं झाडून कोणी ठेवलं असेल रे?" मुग्धानं विचारलं.

"वनखात्यानं. वणवा लागू नये म्हणून," मी ठासून सांगितलं आणि गाडीही झाडाखालीच लावली.

उजाडताना तंबूवर टपटप आवाज सुरू झाला. बाहेर आलो तर जमीनभर फिकट पिवळी, रसरशीत फुलं. वा, काय थाट, म्हणत मी आधी गाडी मागे-पुढे करून वळवून घेतली. खाली उतरलो तेव्हा दोन टोपल्या घेऊन एक वयस्क बाई समोर उभी होती.

"भाऊ, इथी काऊन झोपले तुमी?"

मी पाटलांचा हवाला दिला.

"पाटलानं तं शाळा सांगतली असन," ती म्हणाली. "हे झाड आमचं आहे, सासऱ्याच्या आधीपासून. फुलं पडतीन म्हणून झाडून ठेवलं मी." ती चाकांच्या खुणेपाशी बसली. चेंगरलेलं फूल उचललं, पाहिलं, टाकून दिलं. "दहा-पंधरा दिवसच पडते. यातच वर्षाचं तेल-मीठ निघते आमचं."

मोहाचं झाड मी लांबून ओळखतो. पण इथे प्रत्येक झाड कुठल्या ना कुठल्या घराचं असतं आणि दुसरं कोणी त्याखालचं फूलही उचलत नाही, हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली. मी पाकीट काढलं.

"पैसे खिशात ठेवा," बाई म्हणाली. "वाकता येते का?"

नऊ वाजेपर्यंत आम्ही दोघं तिच्याबरोबर वेचत होतो. मुग्धानं काठ्या काढून खाली बसवलेला तंबू चादरीसारखा चारही कोपऱ्यांनी उचलून त्यावरची फुलं टोपलीत ओतली. बाई तेवढ्यापुरती हसली. माझी कंबर धरली होती, पण बोलायची सोय नव्हती.

"रोज किती फुलं निघतात, बाई?" निघताना मी विचारलं.

"दोन टोपल्या."

त्या दिवशी दीड भरली होती. ती टोमणा मारत नव्हती, मी विचारलं म्हणून सांगत होती. आलापल्लीपर्यंत ती अर्धी टोपली माझ्या डोक्यातून गेली नाही. तिथे गेल्या गेल्या पहिल्या घरात विचारलं आणि त्यांनी दाखवली त्या ओसरीत मुकाट्यानं झोपलो.

परत येऊन आठवडा झाला. मोहाखालच्या तंबूचा, संध्याकाळच्या उन्हातला फोटो मित्रांना फार आवडला. जो तो जागा विचारतोय. मी सांगितली नाही आणि तो फोटो या लेखासोबतही लावलेला नाही. त्यात सगळंच फार सुंदर दिसतं.