चौकशीबाईंचा फोन

कॅन्सर झालेल्या मुलांच्या घरच्यांना आमची संस्था दवाखान्याजवळ फुकट राहायला खोल्या देते. तिथं फोनवर बसणाऱ्या बाईंना मी चौकशीबाई म्हणतो, अगदी तोंडावर. उपचाराची तारीख कुणी चुकवली की त्याच्या घरी फोन करायचा, एवढंच त्यांचं काम. पण नको तिथं नाक खुपसल्याशिवाय बाईंना चैन पडत नाही. आज भाजी कसली, शेजारीण बोलायला लागली का, सगळं विचारतात. खोल्यांचं वाटप माझ्याकडे, टेबल त्यांच्या शेजारी. त्यांच्या फोनचा आवाज इतका मोठा की पलीकडचंही मला ऐकू येतं. दिवसभर ऐकून डोकं उठतं.

त्या मंगळवारी पाच वर्षांची एक मुलगी आली नाही. तिचे दोन डोस बाकी होते. औषध अर्धवट सोडलं की आजार उलटतो, इथं दोनदा पाहिलंय मी. बाईंनी फोन लावला. "पोरगी ठणठणीत आहे, आता नाही येत," म्हणून वडिलांनी ठेवूनच दिला.

"गेलं हे प्रकरण हातचं," मी म्हणालो.

"पोर ठणठणीत असलेला बाप इतक्या पडेल आवाजात बोलतो होय?" बाईंनी दुपारी पुन्हा फोन लावला. या वेळी थोरल्या बहिणीनं उचलला. वय वर्षं नऊ. बाईंनी शाळेचं विचारलं, वेणी कोण घालतं तेही विचारलं. बाबा घालतात आणि वाकडी घालतात, असं कळलं.

"मग बाबा यायला का गं नको म्हणतात?"

"फाइल हरवली. फाइलीशिवाय दवाखान्यात घेणार नाहीत ना. बाबांना सांगायची लाज वाटते."

मी कपाळावर हात मारला. प्रत्येक फाइलीची प्रत आमच्या कपाटात असते, पण हे घरच्यांना सांगावं असं मला कधी सुचलंच नव्हतं.

"कुठं गेली असेल गं?" बाईंनी सहज विचारलं.

 पलीकडून बारीक आवाज आला, "माझ्या दप्तरात आहे. तिला तिकडे नेलं की आई सहा सहा महिने येत नाही."

बाईंनी रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. खोलीत आजारी मुलाच्या भावंडांना ठेवायचं नाही, हा नियम माझाच. मला माझीच लाज वाटली.

"तिसरी खाट टाकतो म्हणावं," मी म्हणालो.

शुक्रवारी मायलेकी तिघी आल्या. फाइल थोरलीनं पोटाशी घट्ट धरली होती. मी हात पुढे केला, पण तिनं दिली नाही.

"आधी माझी खाट दाखवा," ती म्हणाली.