कथिलाचं तेरावं नाणं

ताता निकानोरच्या टेबलाला लागूनच माझी आपीची गाडी. ओरुरोच्या स्टेशनामागे, बुधवार-शनिवारच्या बाजारात, एकोणीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. मी जांभळ्या मक्याची गरम आपी आणि चीज भरून तळलेली पास्तेलं विकायची, ते चुकलेली नाणी विकायचे. टांकसाळीतच चुकलेली, म्हणजे कुणाचं चित्र अर्धंच उठलेलं, कुणावर साल दोनदा उमटलेलं.

"माझं पास्तेल करपलं तर कुणी दुप्पट पैसे देत नाही, ताता," मी टोमणा मारायची.

"तुमचं रोजच करपतं, दोन्या गुमे. रोजच्या चुकीला भाव नसतो."

असा माणूस, दोन्या म्हणजे बाई असा मान देऊन टोचणारा. तोंडाने तिखट, पण गिऱ्हाईक समोर आलं की आवाज एकदम मऊ. तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी प्रेसवर खाणकामगारांचे नंबराचे बिल्ले ठोकले होते. डाव्या हाताची दोन बोटं त्याच प्रेसने घेतली. यंत्र कसं चुकतं ते मला पुस्तकाने शिकवलं नाही, म्हणायचे, आणि तो थोटा हात वर करायचे. नाणं आलं की आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचे, मग भिंगातून, आणि शेवटी डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचे. बहुतेक वेळा ते कुणीतरी हातोड्याने ठेचलेलं किंवा दुसऱ्या नाण्यासोबत शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, दाबलेलं निघायचं. मग त्या माणसाला जवळ बोलावून कानात सांगायचे. चार लोकांत कुणाचं हसं केलेलं मी कधी पाहिलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी आमच्याच गल्लीतली दोन्या एर्मिनिया आली. तिचा नवरा सेव्हेरो कथिलाच्या खाणीत होता. छातीत धूळ बसून सहा वर्षांपूर्वी गेला. शनिवारी तिच्या लिदियाचं लग्न होतं. आमच्याकडे नवरा देवळात नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो, आणि लिदियाला त्यासाठी आईबापाच्या लग्नातलीच तेरा हवी होती. एर्मिनियाने बटवा सोडून चांदीची जुनी बारा नाणी ओळीने मांडली. तेरावं मुठीतच ठेवलं.

"हे खोटं आहे, ताता. कथिलाचं आहे. तुम्ही एकदा तसं सांगा, म्हणजे मी ते फेकते आणि दुसरं घेते. पोरीच्या ओंजळीत खोटं नाणं पडायला नको."

"कोण म्हणतं खोटं?"

"सोनार म्हणाला. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. म्हणाला, दोन्ही बाजूंना डोंगर असलेलं नाणं कुठे असतं का? मी घरी जाऊन सेव्हेरोच्याच छिन्नीने कापून बघितलं. आत पांढरं. सोनार म्हणाला, कथीलही पांढरंच असतं. आणि कथील तर हा रोज खिशातून आणायचा! घरीच ओतलं असणार मेल्याने." तिचा आवाज चढला. "मी बावीस वर्षं त्याला कथिल्या म्हणत आले. चार लोकांत, भांडणात, पोरीदेखत. देवळात, देवासमोर फसवलं मला."

"मग सेव्हेरो काय म्हणायचे?"

"हसायचा. म्हणायचा, दोन डोंगर बघून घेतलं गं, एक तुझा, एक माझा. शेवटी तर त्याला हसायलाही श्वास पुरत नव्हता."

तातांनी तळहात पुढे केला. नाण्याच्या एका बाजूला डोंगर नीट उठलेला होता. दुसऱ्या बाजूलाही डोंगरच, पण आत खोल गेलेला आणि उलटा. ताता भिंगातून इतका वेळ बघत राहिले की माझी आपी उतू गेली. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. छिन्नीच्या खाचेपाशी तो थांबला. छोट्या तराजूच्या एका पारड्यात त्यांनी बारांतलं एक ठेवलं आणि दुसऱ्यात हे. काटा मधोमध उभा राहिला.

"कथील इतकं भरलं नसतं," ते म्हणाले. "दोन्या गुमे, पीठ द्या जरा."

मी पास्तेलचा गोळा दिला. त्यांनी त्यावर त्याच बारांतलं एक डोंगराच्या बाजूने दाबलं आणि उचललं. पिठात डोंगर उमटला होता, खोल आणि उलटा. अगदी तसाच.

"आधीचं नाणं ठशातच अडकून बसलं. कुणी काढलं नाही. तोवर वरून पुढचा कोरा तुकडा पडला आणि त्या नाण्यावरच दाबला गेला. ही डोंगर उठलेली बाजू बघा, कशी करकरीत आहे. शेगड्यात दाबलेल्याची ही बाजू चपटी होते. चांदी आहे, एर्मिनिया. अस्सल. त्या बाराच्या बारांहून हे एक महाग."

एर्मिनियाने पिठातला डोंगर बोटाने चाचपून बघितला.

"तीन हजार बोलिव्हियानो देणारा माणूस मला माहीत आहे," तातांनी सांगितलं, आणि आवाज अगदी खाली आणला. "पण ह्या खाचेमुळे अर्धेच देईल. डोंगर टांकसाळीने चुकवला. खाच नंतरची आहे."

"खाच माझी," ती म्हणाली. "घासून काढता येईल?"

"येईल. मग खोटेपणा सुरू होईल."

तेव्हा ती रडली, भर बाजारात, माझ्या पिठाच्या परातीवर हात टेकून. मला राग आला तिचा, आणि माझाही. मीसुद्धा त्याला कथिल्याच म्हणायची. अख्खी गल्ली म्हणायची.

"हे मी विकत नाही. आणि माझी खाच पोरीच्या ओंजळीत नको," म्हणत तिने ते पुन्हा मुठीत धरलं. तातांनी आपल्या ट्रेमधलं एक साधं, काहीही न चुकलेलं नाणं उचलून बटव्यात टाकलं. तेरा झाली. ती पैसे काढायला लागली तर म्हणाले, "लग्नाला बोलवा, जेवून वसूल करीन." आणि केलंही वसूल, मी साक्षीला आहे. तीन ताटं!

एक नोव्हेंबरला दुपारी बाराला आमचे मेलेले घरी येतात. प्रार्थना करायला मी आणि ताता एर्मिनियाकडे गेलो. टेबलावर मेलेल्याला उतरायला पावाची शिडी होती, पावाची बाळं होती, सेव्हेरोचा फोटो, त्याची बिअर. फोटोसमोर ते नाणं, खाच वर करून ठेवलेलं. देवळाची घंटा झाली तशी एर्मिनियाने दार सताड उघडलं आणि उन्हाकडे बघून हाक मारली.

"ये रे, कथिल्या. चांदीचं होतं."